एअर विंगचा फॉर्म आणि आईबाबांची सही

आजचा भाग जरा उलटा आहे. ऐकणार तुम्ही, पण तो ऐकवायचा आहे घरच्यांना. गेल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त व्हॉइस नोट्स एकाच विषयावर आल्या: "दादा, मला एनसीसी एअर विंगला जायचंय, घरून नाही म्हणतायत, काय सांगू?" म्हणून आज मी तुमच्याशी कमी आणि तुमच्या आईबाबांशी जास्त बोलणार आहे. हेडफोन काढा, फोन स्पीकरवर टाका आणि जेवणाच्या ताटाशेजारी ठेवा. काका-काकू, नमस्कार.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे का सांगतोय ते कळेल.

मी एअर विंगचा कॅडेट होतो. तीन वर्षं पूर्ण केली, एकही परेड कारणाशिवाय बुडवली नाही, 'सी' सर्टिफिकेटला 'ए' ग्रेड मिळाली. त्या दिवशी घरी पेढे आले. पंधरा दिवसांनी हवाई दलाच्या भरतीची जाहिरात निघाली. गच्चीवर बसून मोबाइलवर वाचत होतो. फ्लाइंग ब्रँच, पात्रता, पदवीला ६० टक्के, ठीक. त्याच्याच खालची ओळ: बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र. मी कॉमर्सचा. ती ओळ मी तीनदा वाचली. खाली आलो तर आई विचारतेय, "झाला का रे फॉर्म भरून?"

ती ओळ कुणी लपवून ठेवलेली नव्हती. दरवर्षी छापून येते. पण दहावीनंतर साइड निवडताना आमच्या घरात ती कुणालाच माहीत नव्हती, आणि मलाही कुणाला विचारायचं सुचलं नाही. तीन वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही, त्यांनी मला पुष्कळ दिलं. पण ज्यासाठी गेलो होतो तो दरवाजा मी आत शिरण्याच्या आधीच बंद झाला होता.

तर काका-काकू, तुम्ही सही करा किंवा करू नका. करायच्या आधी एवढं ऐका.

पहिला गोंधळ नावाचा. 'कॅडेट' हा शब्द आज दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, आपली एनसीसी. संरक्षण मंत्रालयाखाली चालते, शाळा-कॉलेजातून प्रवेश मिळतो, फी जवळपास नाहीच. दुसरी म्हणजे विमान कंपन्यांचे आणि खासगी फ्लाइंग स्कूलचे 'कॅडेट पायलट प्रोग्रॅम'. तिथे खर्च लाखांत असतो, मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत कोटीच्या आसपास जातो. एका श्रोत्याच्या वडिलांनी 'एव्हिएशन कॅडेट' एवढंच ऐकलं आणि शेत विकावं लागेल या भीतीने नाही म्हणून टाकलं. पोरगं बिचारं कॉलेजच्या फुकटातल्या एनसीसीबद्दल बोलत होतं! उलटंही घडतं. 'कॅडेट' लिहिलेलं चकचकीत माहितीपत्रक बघून लोक ते सरकारी समजतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ही एनसीसी आहे की खासगी कोर्स? आज आपण फक्त एनसीसीबद्दल बोलतोय.

एनसीसीचा कायदा १९४८ चा. सुरुवात लष्कराच्या विंगने झाली आणि १९५० मध्ये एअर विंग आली. तिच्या पहिल्या दोन स्क्वाड्रन होत्या मुंबई आणि कोलकाता इथे, म्हणजे या गोष्टीची सुरुवातच आपल्याकडची आहे. घरात आजोबा असतील तर ते म्हणतील, "आमच्या वेळी एनसीसी सक्तीची होती." बरोबर आहे त्यांचं. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये ती कॉलेजात सक्तीची केली होती आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. आज कुणावर जबरदस्ती नाही. उलट जागा कमी आणि मुलं जास्त अशी परिस्थिती असते.

त्यातही एअर विंग सगळीकडे नसते. बहुतेक शाळा-कॉलेजांत असते ती आर्मी विंग. एअर विंगची युनिट मोजकी. महाराष्ट्रात एअर स्क्वाड्रन मुंबई, पुणे आणि नागपूर इथे आहेत आणि त्यांच्याशी जोडलेल्या ठरावीक शाळा-कॉलेजांतच ही विंग मिळते. म्हणजे प्रवेश घेताना "एनसीसी आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "कुठली विंग आहे?" असं विचारावं लागतं. अ‍ॅडमिशन झाल्यावर विचारलंत तर उपयोग नाही.

आता वर्षांचं गणित. हे लक्ष देऊन ऐका, कारण इथेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात.

शाळेत साधारण आठवी-नववीत ज्युनियर डिव्हिजन असते, मुलींच्या बाबतीत तिला ज्युनियर विंग म्हणतात. दोन वर्षांची. शेवटी 'ए' सर्टिफिकेट. कॉलेजात सीनियर डिव्हिजन किंवा सीनियर विंग, तीन वर्षांची. दुसऱ्या वर्षाअखेर 'बी' परीक्षा, तिसऱ्या वर्षी 'सी'. पुढे ज्याला खरी किंमत आहे ते 'सी'. आता बघा, पदवी तीन वर्षांची असेल आणि मुलगी म्हणाली, "एफवायला जरा सेटल होते, एसवायला एनसीसी घेते," तर तिसरं वर्ष उरतच नाही. इंजिनीअरिंगला चार वर्षं असतात, तिथे एक वर्षाची सवड मिळते. पण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला असेल तर हातात बरोबर तीनच वर्षं आहेत, एक महिनाही इकडेतिकडे नाही. पहिल्याच वर्षी, कॉलेज सुरू झालं की लगेच. नोटीस बोर्डावर चार दिवस कागद असतो आणि निघून जातो.

निवडीत धावणं, पुशअप्स, उंची-वजन, छोटी लेखी परीक्षा, दोन-चार मिनिटांची मुलाखत असं सर्वसाधारण असतं. फार घाबरण्यासारखं काही नाही. ज्यांनी आयुष्यात कधी सकाळी सहा पाहिलेले नाहीत त्यांनी एक महिना आधी पळायला लागावं, एवढंच.

मग तिथे होतं काय? आईबाबांना वाटतं विमान. खरं उत्तर आहे ग्राउंड. आठवड्याला एक-दोन परेड, त्यात ड्रिल, पीटी आणि वर्ग. पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग. आणि एअर विंगचे खास विषय: विमान हवेत का टिकतं, इंजिन कसं चालतं, कॉकपिटमधली उपकरणं, दिशा कशी ठरवतात, हवामान कसं वाचायचं. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला हे सगळं कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं. पंखाचा आकार आणि वाऱ्याचा वेग यांचा संबंध मी वर्गात नाही, एरोमॉडेलिंगच्या टेबलावर शिकलो. बाल्सा नावाचं लाकूड असतं, हातात घेतलं तर थर्माकोलइतकं हलकं. ते घासून विमान करायचं. महिनाभर घासलेलं माझं पहिलं मॉडेल चौथ्या सेकंदाला जमिनीत घुसलं. वायुसेनेचे सार्जंट होते आमचे, ते जवळ आले, तुकडे उचलले आणि म्हणाले, "शेपूट जड झालीय. पुन्हा कर." रागावले नाहीत. मला तो 'पुन्हा कर' अजून आठवतो.

आणि हो, विमानात बसायला मिळतं. पण किती, हे खरं खरं सांगतो. सीनियरच्या कॅडेट्सना मायक्रोलाइट विमानातून नेतात. दोन सीटचं छोटं विमान, शेजारी पायलट. आधी झेन एअर नावाचं विमान असायचं. नंतर स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीचं 'व्हायरस' आलं. (आई, नाव ऐकून घाबरू नकोस, करोनाच्या आधीचं आहे.) २०१५ मध्ये हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी मिळून १९४ विमानांची ऑर्डर दिली गेली, त्यातली सगळ्यात जास्त एनसीसीसाठी होती. ८० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि रिकामं वजन ३०० किलोच्या आत, म्हणजे आपल्या साध्या कारच्या निम्म्याहूनही कमी. माझी पहिली सॉर्टी जेमतेम वीस मिनिटांची होती. धावपट्टी संपायच्या आत जमीन सुटली, पोटात गोळा आला, आणि खाली बघतो तर ज्या रस्त्यावर मी रोज ट्रॅफिकमध्ये शिव्या खातो तो रस्ता दोऱ्यासारखा. तीन वर्षांत माझ्या वाट्याला सगळं मिळून जे उड्डाण आलं ते मोजायला एका हाताची बोटं पुरली. वारा जास्त असला की नाही, पाऊस असला की नाही, विमान दुरुस्तीला गेलं की नाही, आणि रांगेत कॅडेट भरपूर.

म्हणून एअर विंगमधून मुलगा पायलट होऊन बाहेर पडतो, हे डोक्यातून काढून टाका. कमर्शियल पायलटच्या लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. इथे मिळतो तो अनुभव, लायसन्स नाही. तरीही, हेडसेट लावून शेजारच्या सीटवर बसल्यावर आपल्याला हे आवडतंय की नुसतं फोटोतच आवडत होतं, ते वीस मिनिटांत कळतं. आमच्यातल्या एकाला उतरल्यावर सरळ उलटी झाली. त्याने हसत हसत एमबीएचा फॉर्म भरला. लाखो रुपये भरल्यावर कळण्यापेक्षा बरं.

आता तुमचे प्रश्न.

साताऱ्याकडच्या एका काकूंनी विचारलंय, "युद्ध झालं तर पोराला नेतील का?" काकू, नाही. एनसीसीच्या कायद्यातच लिहिलंय की कॅडेटवर प्रत्यक्ष सैनिकी सेवेचं बंधन नाही. सही केल्याने मुलगा सैन्यात भरती होत नाही आणि पुढे नाही जायचं म्हटलं तर कुणी बॉण्ड दाखवत नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कॅडेट्सनी दारूगोळा कारखान्यांत, पुरवठ्याच्या कामात मदत केली होती हे खरं आहे, पण ती मागच्या फळीतली होती.

दुसरा प्रश्न एका बाबांचा, आवाजातच काळजी होती. "मुलीला दहा दिवस कॅम्पला पाठवायचं, तिथे कोण असतं?" वार्षिक कॅम्प साधारण दहा दिवसांचा असतो आणि परीक्षेला बसायचं तर तो करावाच लागतो. मुलींची राहण्याची सोय वेगळी असते. महिला अधिकारी आणि महिला इन्स्ट्रक्टर, ज्यांना जीसीआय म्हणतात, त्या सोबत असतात. पण बाबा, माझ्या शब्दावर जाऊ नका. कॉलेजात एनसीसी बघणारे प्राध्यापक असतात, त्यांना एएनओ म्हणतात. त्यांना जाऊन भेटा. कॅम्प कुठे आहे, मुलींबरोबर कोण मॅडम जाणार आहेत, त्यांचा नंबर काय, फोन कधी वापरता येतो, आजारी पडली तर जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे सरळ विचारा. चांगले एएनओ अशा प्रश्नांवर चिडत नाहीत. टाळाटाळ झाली तर तीही माहितीच आहे. इजा झाली तर काय, हेही त्याच भेटीत विचारा. एनसीसीची कॅडेट्स वेल्फेअर सोसायटी आहे, अपघातात तिच्याकडून आर्थिक मदत मिळते. आणि संमतीपत्रावर उड्डाण, फायरिंग असे शब्द असतील. वाचून सही करा. माझ्या आईने पोळ्या लाटता लाटता केली होती, कागदावर पिठाचा अंगठा अजून असेल.

खर्चाचं थोडक्यात. कॅम्पमध्ये जेवण-राहणं एनसीसीचं. गणवेशासाठीचे पैसे आता थेट कॅडेटच्या खात्यात येतात, त्यासाठी स्टेट बँकेचं झीरो बॅलन्स खातं उघडतात. योजनेचं नाव 'पहली उडान', एअर विंगवाल्यांना नावापुरती तरी पहिली उडान बँकेतच मिळते. तुमच्या खिशातून जातं ते बसभाडं, बूट पॉलिश, आणि महिन्याला दोनदा केस कापायचे पैसे.

अभ्यासाचं काय? इथे मी गोड बोलणार नाही. वेळ जातो. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते आणि परेड बऱ्याचदा त्याच रविवारी असते ज्याच्या सोमवारी सबमिशन असतं. प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीतल्या कॅम्पसाठी निवड व्हायला लागली की एकामागून एक निवड शिबिरं, म्हणजे कॉलेजमधले आठवडेच्या आठवडे जातात. राजपथावर, म्हणजे आताच्या कर्तव्यपथावर, मुलगा दिसावा असं सगळ्यांना वाटतं. त्या सत्रात एखादा विषय राहिला तर तो कोण सांभाळणार, हे आधी घरात बोलून घ्या. काही विद्यापीठांत एनसीसीला क्रेडिट मिळतात. यूजीसीने २०२१ मध्ये तशी मुभा दिली. तुमच्या कॉलेजने ती वापरली आहे का, ते ऑफिसात विचारा.

आणि आता ती ओळ, जिच्यासाठी मी हा भाग केला.

'सी' सर्टिफिकेटवाल्या एअर विंगच्या कॅडेटला हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचसाठी एनसीसी स्पेशल एन्ट्री आहे. एफकॅट ही लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, थेट मुलाखतीच्या बोर्डाकडे बोलावतात. १० टक्के जागा त्यांच्यासाठी असतात. हा फार मोठा फायदा आहे. पण माफ होते ती फक्त लेखी परीक्षा. बाकी काहीही माफ होत नाही. वय २० ते २४. पदवीला ६० टक्के. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हीत किमान ५० टक्के. उंची साधारणपणे किमान १६२.५ सेंटिमीटर, शिवाय पायांची आणि बसल्यावरची मापं, कारण कॉकपिटमध्ये माणूस मावला पाहिजे. पायलट होण्याची क्षमता तपासणारी संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर दुसरी संधी नाही.

आणि डोळे. दूरचं अंधुक दिसतं म्हणून लागणारा मायनस नंबर हवाई दलाच्या फ्लाइंगला चालत नाही. लेसर ऑपरेशनबद्दल अटी आहेत, त्या जाहिरातीसोबतच्या वैद्यकीय नियमांत वाचा, शेजारच्या काकांकडून ऐकू नका. रंगांधळेपणा असेल तर फ्लाइंगचा विषय तिथेच संपतो. तो मुलाला स्वतःला कळत नाही, कारण त्याला जग तसंच दिसत आलेलं असतं. ठिपक्यांमधला आकडा ओळखायची चाचणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत होते. काका-काकू, अकरावीच्या अ‍ॅडमिशनआधी ती करून घ्या. कोचिंग क्लासच्या पहिल्या हप्त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

विमान कंपनीत जायचं असेल तर नियम निराळे. तिथे चष्मा लावलेले पायलट असतात, पण रंगांची चाचणी तिथेही आहे. त्यामुळे हवाई दलाला नाही जमलं म्हणून सगळं संपलं असंही नाही. हवाई दलात जमिनीवरच्या शाखा आहेत, लष्करातही एनसीसीवाल्यांसाठी स्पेशल एन्ट्री आहे.

आणखी एक गैरसमज. एनडीएला, म्हणजे आपल्या खडकवासल्याला, बारावीनंतर जातात आणि लेखी परीक्षा सगळ्यांना द्यावी लागते. 'सी' सर्टिफिकेट तेव्हा हातात नसतंच. मुलगा दहावीत असेल आणि डोळ्यांसमोर एनडीए असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था बघा. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. ती वाट वेगळी, तिचा एक पूर्ण भाग करावा लागेल.

"पण कुणी पोहोचतं का तिथपर्यंत?" असं माझ्या आईनेही विचारलं होतं. राफेल उडवणारी पहिली भारतीय महिला पायलट शिवांगी सिंह बनारस हिंदू विद्यापीठात शिकत असताना एनसीसीच्या एअर स्क्वाड्रनमध्ये होती. हे नाव मी मुद्दाम शेवटी घेतोय. आधी घेतलं असतं तर तुम्ही नियम ऐकलेच नसते. एका शिवांगीमागे कितीतरी कॅडेट असतात जे बँकेत, पोलिसांत, शाळेत, आणि एक जण तर पॉडकास्टवर जातो. माझ्या बॅचमधला एकही जण आज कॉकपिटमध्ये नाही. दोघी जणी मात्र विमानतळावर ग्राउंडचं काम करतात आणि रोज विमानाच्या इतक्या जवळून चालतात की मला हेवा वाटतो.

तर मंडळी, फॉर्म घरी ठेवताना नुसता सहीचा रकाना दाखवू नका. सोबत एक कोरा कागद ठेवा. त्यावर कॉलेजात कुठली विंग आहे, 'सी' कुठल्या वर्षी होईल, बारावीचे विषय काय, डोळे तपासले का, आणि एएनओ सरांचा किंवा मॅडमचा नंबर, एवढं लिहा. एखादा रकाना रिकामा राहिला तर सही मागायच्या आधी तो भरून आणा.

पुढच्या भागात निवड मंडळाच्या त्या पाच दिवसांबद्दल बोलू. त्यासाठी कुणाच्या घरात सध्या हवाई दलात असलेलं कुणी असेल आणि बोलायला तयार असेल तर व्हॉइस नोट पाठवा. काका-काकू, आता फोन पोरांना परत द्या.